निखारा आणि दुसरी वस्तू

दिनदर्शिकेचं काम निघालं की छापखान्यात सगळ्यांची तोंडं आंबट व्हायची. रोज एक पान फाडायचं, पानावर तारीख, तारखेखाली एक सुवचन. वर्षाला जितके दिवस तितकं शहाणपण गोळा करायचं, आणि तेही आदल्या वर्षीचं उष्टं नको. मालक म्हणायचे, "जगात माणसं एवढी शहाणी असती तर मला छापखाना कशाला काढावा लागला असता?"

गोळा झालेलं शहाणपण तपासायचं काम धाकटीकडे. ती घरची धाकटी, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. छापखान्यात मात्र तिचं नाव चिमटा पडलं होतं. तिच्या हातून चूक सुटत नसे, आणि चूक करणाराही सुटत नसे. कोणाचं वचन कोणाच्या नावावर खपवलंय हे ती असं उकरून काढायची की मालकांना वाटायचं, मेलेली थोर माणसं हिला घरी बोलावून जेवू घालत असतील.

त्या सकाळी मजकुराच्या गठ्ठ्यातून एक पान वर आलं आणि तिची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

*राग धरून बसणं म्हणजे दुसऱ्याला मारायला हातात निखारा घेण्यासारखं आहे. भाजतो तो आपलाच हात. – भगवान बुद्ध.*

हे वाक्य तिच्या घरी कपाटाच्या खणात पडून होतं. हिरव्या जाड कागदावर सोनेरी अक्षरांत छापलेलं, ताईने टपालाने पाठवलेलं. सोबत चार ओळी नाहीत, सही नाही. धाकटीने ते फाडलं नव्हतं, कारण तपासणाऱ्या माणसाला कागद फाडवत नाही. पण ते खणात गेलं त्या दिवसापासून तिने ताईचं नाव घेतलं नव्हतं.

भांडण आईवरून होतं, आणि आई आता नव्हती. आई दुसऱ्या गावी, ताईजवळ होती. आजारपण लांबलं, महिने गेले. धाकटीचा फोन गेला की ताई म्हणायची, "बरी आहे. आत्ताच झोपलीये." असं झोपलीये, झोपलीये ऐकता ऐकता एके दिवशी ताईचाच फोन आला की लगेच नीघ. धाकटी पोचली तेव्हा आईने तिच्याकडे पाहिलं आणि परक्या बाईकडे बघून हसावं तसं भिडस्त हसली. ते हसू धाकटीच्या काळजात रुतून बसलं. आईला पोचवून आल्यावर ती दारातच ताईला म्हणाली होती, "माझी आई तू माझ्यापासून चोरलीस." ताई तशीच उभी राहिली. नंतर आलं ते हे हिरवं कार्ड.

ते उघडल्याबरोबर धाकटीच्या तळहाताला खाज सुटली होती, कारण या घरात निखारा ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. आईचं इस्त्रीचं दुकान होतं. कोळशाची, पोटात निखारे भरायची जाडजूड इस्त्री. लहानपणी कधीतरी, कशावरून ते आता दोघींनाही सांगता येणार नाही, धाकटीने चिडून खरोखरचा निखारा उचलला होता ताईवर फेकायला. आणि नेम धरत बसली. उजव्या तळहातावर चकचकीत, चिंचोक्याएवढा डाग अजून होता. म्हणजे ताईने बरोबर त्या डागावर बोट ठेवलं, असं धाकटीने धरून ठेवलं होतं.

तिने ते पान घेऊन मालकांचं टेबल गाठलं.

"हे बुद्धांचं आहे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? सगळीकडे आहे की! माझ्या मेहुण्याच्या चहाच्या कपावरसुद्धा आहे."

"कपाला कोणी सांगितलं?"

"बाई, वाक्य चांगलं आहे ना? मग ज्याने म्हटलं त्याचं भलं होवो. लावा पान."

"वाक्य कोणाचं ते कळल्याशिवाय मी पान सोडणार नाही."

मालकांनी कपाळाला हात लावला. "शुक्रवारपर्यंत. शनिवारी यंत्र सुरू होणार म्हणजे होणार."

खरं तर घाई तिलाच होती. आदल्या संध्याकाळी ताईचा निरोप आला होता, कितीतरी महिन्यांनी. *दुकान रविवारी रिकामं करतेय. आईच्या वस्तू आहेत. येणार असशील तर ये. भंगारवाला दुपारी येईल.* जावं की न जावं? रात्रभर मनाने झोके घेतले होते. आता उत्तर मिळालं. जायचं, पण रिकाम्या हाताने नाही. ताईला तोंडावर सांगायचं, तुझी समजूतसुद्धा खोटी, त्याखालचं नावसुद्धा खोटं. बुद्धांच्या आडून दगड मारलास, तो दगडही उसना.

मग तिने माग काढायला घेतला. इंटरनेटवर वाक्य गल्लोगल्ली होतं. डोंगराच्या चित्रावर, कमळावर, एका मांजराच्या फोटोवरसुद्धा. एकाने दुसऱ्याचं उचललेलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवणारा. मेंढरं गोल फिरावीत तसं. कुठे निखारा होता, कुठे तापलेला दगड. एका ठिकाणी निखाऱ्याचं विष झालं होतं. पण अमुक सूत्रात, अमुक ठिकाणी असं म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

ग्रंथालयातून तिने सूत्रांचे अनुवाद आणले आणि दोन दिवस त्यांत बुडून गेली. आग पुष्कळ सापडली. उलट्या वाऱ्यात पेटत्या गवताची चूड धरून चालणारा माणूस सापडला. वेळीच टाकली नाही तर हात जळणार. धाकटी खुर्चीतून अर्धी उठली, पण ती चूड वासनेची होती, रागाची नव्हे. निखाऱ्यांनी भरलेली खाई सापडली, तीही वासनेचीच. निरपराध माणसाला दुखवणाऱ्यावर वाऱ्याविरुद्ध फेकलेली धूळ उलटते, तेही सापडलं, पण तिथे हातात धूळ होती. सगळं जवळपासचं. खूण पटावी असं मात्र एकही नाही.

शेवटी शुक्रवारी सकाळी ती विहारात गेली. तिथल्या ग्रंथालयात एक म्हातारे भन्ते होते, त्यांना पाली भाषा येत होती. खोली लहान, पत्र्याची दोन कपाटं, खिडकीत वाळत घातलेले मोजे. भन्त्यांना सर्दी झाली होती. तिने कागद पुढे केला तसा त्यांनी न वाचताच परत दिला.

"निखारा ना?" ते म्हणाले. "या वाक्यासाठी बरेच जण येतात, बाई. बहुतेकांना ते आणखी कोणाला तरी ऐकवायचं असतं."

धाकटीने नजर खाली घातली. "मला फक्त मूळ हवंय. छापायचं आहे."

"बसा."

त्यांनी कपाटाच्या खालच्या फळीतून एक जाडजूड पुस्तक ओढलं, मांडीवर घेतलं, नाक पुसलं, आणि पानं न चाळता जवळजवळ थेट त्या जागी उघडलं.

"बुद्धांच्या सूत्रांत मला तरी सापडला नाही हा. तिथे चूड आहे, खाई आहे, ते तुम्ही पाहिलंच असेल. हातातला निखारा इथे आहे. हे भाष्य. बुद्धांनंतर हजारएक वर्षांनी एका भिक्खूने लिहिलेलं."

धाकटीने पेन्सिल काढली. "म्हणजे बुद्धांचं नाही."

"ज्या रूपात तुमच्या कागदावर आहे, त्या रूपात नाही. पण हा भिक्खू जुनं ऐकलेलं गोळा करून लिहीत होता. त्याच्या कानावर कुठून आलं ते कोण सांगणार? विहिरीचं पाणी दिसतं, झरा दिसत नाही." ते हसले, मग खोकले. "आणि तुमचं वाक्य अर्धंच आहे. तो म्हणतो, दुसऱ्याला मारायला निखारा उचलावा, नाहीतर विष्ठा उचलावी. पहिल्याने हात भाजतो, दुसरीने आधी आपल्यालाच घाण वास येतो."

"विष्ठा?"

"विष्ठा. कमळावर छापायला अडचणीची, म्हणून वाटेत कुणीतरी गाळली असेल."

धाकटीला हसू येत होतं, ते तिने गिळलं. सवयीने तिने पुढचा प्रश्न विचारला. वचन तपासताना ती नेहमी तोच विचारायची. "हे कोण कोणाला म्हणतंय?"

भन्त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा.

"कोणी कोणाला नाही. एक माणूस सगळ्यांबद्दल मैत्री जोपासायला बसलाय, आणि त्याच्या मनातून एकाबद्दलचा राग काही केल्या जात नाही. मग तो स्वतःलाच दटावतोय. बाबा रे, तू हे काय हातात धरलंयस? दुसऱ्याला ऐकवायचं वाक्यच नाही हे."

खिडकीतले मोजे हलले. धाकटीच्या हातातली पेन्सिल काहीच लिहीत नव्हती.

"आणि दटावूनही गेला नाही तर?" तिने विचारलं. हे छापायचं नव्हतं.

"बरेच उपाय सांगितलेत. त्याचे चांगले गुण आठव, हा राग नेमका कशावर आहे ते तुकडे तुकडे करून बघ, केसांवर आहे की नखांवर. सगळं करून थकलास तर शेवटचा उपाय." भन्त्यांनी पान उलटलं. "त्याला काहीतरी दे. नाहीतर त्याच्याकडून काहीतरी घे."

"बस?"

"बस. मला आधी वाटायचं हा उपाय पहिलाच का नाही सांगितला. आता वाटतं, तोच सगळ्यांत अवघड असेल."

छापखान्यात मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाष्य? भाष्य भिंतीवर कोण लावतं? आणि ती दुसरी वस्तू तर माझ्या दिनदर्शिकेत येणार नाही. लोक सकाळी उठून पान फाडतात हो!" बरीच घासाघीस झाली. शेवटी वाक्याखालून बुद्धांचं नाव गेलं आणि 'एका जुन्या भाष्यावरून' असं आलं. दुसरी वस्तू वगळली. धाकटीची जीत झाली होती. मग जिंकल्यासारखं का वाटत नव्हतं, हे तिला कळेना.

रविवारी बसमध्ये तिने ताईला म्हणायची वाक्यं मनात लावून घेतली. पहिलं वाक्य चांगलं बसलं होतं. दुसरं जरा लंगडं होतं.

दुकान होतं तसंच होतं. एका खोलीचं, घोंगडी अंथरलेलं टेबल, डोक्यावर हँगरची तार. फक्त तार जवळजवळ रिकामी होती आणि कोपऱ्यात डबे, पाट्या, खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. ताई टेबलाशी उभी राहून इस्त्री करत होती. कोळशाची, आईची इस्त्री. विजेची बाजूला पडली होती.

"वीज कालच तोडून गेले," ताई मान वर न करता म्हणाली. "एका गिऱ्हाइकाचे शर्ट राहिलेत. म्हटलं, आईची इस्त्री शेवटची एकदा पेटवू. बस. उद्यापासून रुग्णालयाच्या धुलाईघरात जातेय कामाला. यंत्रंच यंत्रं. जेवलीस?"

"जेवलेय."

ती जेवली नव्हती. ताई बारीक झाली होती, आणि आईसारखीच जिभेचं टोक ओठांत धरून कॉलर दाबत होती. धाकटीने नजर दुसरीकडे वळवली आणि तिला भिंत दिसली. टेबलाच्या बरोबर समोर, इस्त्री करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे, हिरवं कार्ड डकवलं होतं. वाफेने वाकडं झालेलं, सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. तोंडून निघालं ते एवढंच, "ते बुद्धांचं नाहीये."

"बरं," ताई बाही उलटी करत म्हणाली. "मग कोणाचं?"

"हजार वर्षांनंतरच्या एका भाष्यकाराचं."

"शहाणा होता बिचारा."

एवढंच! आठवडाभर जो दगड घासून घासून टोकदार केला होता, तो टेबलावरून टणकन खाली पडला आणि कोणाला लागलाही नाही. धाकटीला रडूच यायला लागलं, म्हणून ती जास्तच चिडून बोलली. "आणि अर्धंच आहे ते! मुळात नुसता निखारा नाही. निखारा नाहीतर विष्ठा असं लिहिलंय. मारायला विष्ठा उचलली तर आपलाच हात आधी घाण होतो म्हणून."

ताईची इस्त्री थांबली. तिने धाकटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या कार्डाकडे पाहिलं, पुन्हा धाकटीकडे पाहिलं.

"खरंच?"

"खरंच. पुस्तक पाहून आलेय."

"अगं मग तू इतके दिवस काय धरून बसली होतीस," ताई म्हणाली, "ते आधी वास घेऊन ठरव!"

आणि स्वतःच्याच विनोदाला ती अशी फुटली की तिला इस्त्री बाजूला ठेवून टेबलाला धरावं लागलं. धाकटीने फार वेळ तोंड घट्ट मिटून ठेवलं. मग तिच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि नंतर दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या. त्यात रडणं कुठून मिसळलं ते सांगता येणार नाही.

"दोन कार्डं घेतली होती," ताई पदराने डोळे पुसत म्हणाली. "एक मला, एक तुला. सोबत काही लिहावं म्हणून बसले, पण सुचेना. तुझं तसंच टाकलं टपालपेटीत."

"मला वाटलं टोमणा मारलास. यावरून." धाकटीने तळहात पुढे केला.

ताईने तो हातात घेऊन उजेडाकडे वळवला. "अगं बाई. हे अजून आहे? माझ्या तर ध्यानीमनीही नव्हतं. मी माझ्याच आगीत होते गं."

"तुला कसला राग?"

ताईने शर्ट सरळ केला. बोलताना तिचे हात चालू राहिले, जणू हात थांबले तर तोंडही थांबेल.

"तू फोन करायचीस ना, तेव्हा आई इथे शेजारीच बसलेली असायची. डोळे वटारून. 'सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील' म्हणायची. 'धाकटीचा आत्ता कुठे नोकरीत जम बसलाय, ती सोडून इथे येऊन बसेल, आणि माझ्यामागे तिच्याजवळ काय उरेल?' मी 'झोपलीये' म्हणायचे आणि आई मान डोलवायची. शाबास म्हणून. शेवटी शेवटी तिला काही उमजेनासं झालं, मग मी तिचा शब्द मोडला. उशीर झाला. मला वाटलं होतं अजून वेळ आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस मला?"

"तू आलीस ती न्यायाधीश होऊन. आणि आईला नुकतं पोचवून आलेय, तिची चुगली करू? तुझा राग मला दिसत होता. माझा राग आईवर होता. गेलेल्या माणसावर राग कसा काढायचा, सांग. म्हणून ते समोर लावलं. रोज वाचायचं आणि गुपचूप घड्या घालायच्या."

हे सगळं धाकटीला शांतपणे ऐकवत नव्हतं, पण तिने ऐकलं. आईने वटारलेले डोळे तिला लख्ख दिसत होते. ते हसू परक्या बाईसाठीचं होतं, तर हे वटारलेले डोळे तिच्यासाठीचे होते, तिची स्वतःची वाटणी. ताई इतके दिवस ती एकटीच सांभाळत बसली होती.

"काहीतरी बोल," ताई म्हणाली.

"चोरलीस म्हणाले होते तुला."

"म्हणाली होतीस."

"तू आपली दारातच उभी राहिलीस."

"मग काय करणार, तुझ्यावर निखारा फेकणार?" ताई पुन्हा हसायला लागली, इस्त्री उचलताना तिचा हात हलला, झाकण सैल झालं आणि एक लालबुंद निखारा टुणकन गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पडला.

चिमटा कुठल्या डब्यात बांधला होता देव जाणे. धाकटीने नुसत्या दोन बोटांनी निखारा उचलला आणि राखेच्या पत्र्यावर टाकला. उचलला नि टाकला. आई टाकायची तसा, गाणं म्हणत, इस्त्री न थांबवता:

*उचल गं निखारा, थांबू नको बाई,*
*थांबल्या बोटाला औषध गं नाही.*

शर्टावर नखाएवढा पिवळा ठिपका राहिला, तो पाण्याने जाण्यातला होता. ताईने तिची बोटं पकडून पाहिली. "भाजलं?"

"नाही. नेम धरला नाही या वेळी."

दुपारी भंगारवाला आला. खुर्च्या गेल्या, डबे गेले, टेबल हातगाडीवर चढलं. ताईने निखारे वाळूत रिकामे केले, इस्त्रीचा तळ फडक्याने पुसला आणि ती दोन्ही हातांनी धाकटीपुढे धरली.

"ही तू घे."

मी काय करू या धोंड्याचं, असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. तिच्या घरी विजेची इस्त्री होती. ठेवायला जागा नव्हती. बसमध्ये न्यायची म्हणजे हाताला कळ लागणार. पण तिला पत्र्याच्या कपाटांची खोली आठवली, वाळणारे मोजे आठवले, आणि त्या जुन्या भिक्खूने सगळ्यात शेवटी लिहून ठेवलेला उपाय आठवला. तिने हात पुढे केले.

"जड आहे, सांभाळ," ताई म्हणाली. "आणि जेवली नाहीयेस तू. तोंडावरून दिसतंय. चल आधी घरी."

दोघी रस्त्याने निघाल्या. भिंतीवरचं कार्ड ताईने काढलं नव्हतं. पुढच्या भाडेकरूला लागेल, म्हणाली. इस्त्री धाकटीने छातीशी धरली होती. लोखंड अजून पुरतं निवलं नव्हतं, पण आता धरवत होतं.